हरभऱ्याच्या रानात पाणटिवळे

या, थोडं पुढे सरकून बसा. पायरीवर टेकलेल्यांनीही आत यावं, सतरंजीवर जागा आहे. आज एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात एक यंत्र आहे, पण घाबरू नका. यंत्र जेवढ्यास तेवढं आहे, बाकी सगळी माणसं आहेत आणि लांब पायांचे, लांब चोचीचे पाहुणे आहेत. फार पुढच्या काळातलीही नाही ही गोष्ट. आज शाळेतून येऊन दप्तर कोपऱ्यात भिरकावणारी पोरं चष्मे लावून आरशात पांढरे केस शोधू लागतील, तेव्हाची समजा. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

करंजसोंडा नावाचं गाव. धरणाच्या फुगवट्याला लागून वसलेलं. पावसाळ्यात पाणी गावाच्या मारुतीपर्यंत येऊन पाय धुऊन जायचं आणि आश्विन सरला की हळूहळू मागे हटायचं. हटताना मागे ठेवून जायचं ते काळंभोर, लोण्यासारखं मऊ रेंदाळ. त्या चिखलासाठी हजारो कोसांवरून पाखरं यायची. लाल काठ्यांवर चालणारे शेकाटे, मुठीएवढे टिलवे, सारखी शेपटी हलवणारे तुतवार, आणि सगळ्यांत रुबाबदार ते पाणटिवळे. बदकांसारखं पोहत बसणारी ही जात नव्हे. यांना पाणी हवं पाऊलभर आणि खाली माती हवी मऊ. चोच मुळापर्यंत चिखलात खुपसायची, आतला किडा टोकाने चाचपायचा आणि डोकं वर न काढता गिळायचा.

या पाखरांवर ज्योत्स्ना नगरेचा जीव. लग्न होऊन ती या गावात आली त्या वर्षीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन करायला प्रयागमाई आल्या होत्या. माई दरवर्षी यायच्या. पहाटेचा काकडा झाला की पदर खोचून पाण्यावर जायच्या आणि पाखरं बघत उभ्या राहायच्या. त्या वर्षी त्यांनी नव्या नवरीला हाताला धरून सोबत नेलं आणि म्हणाल्या, "बघ, देवाने यांना पाय एवढे लांब का दिले? चिखलात उभं राहूनही पोट कोरडं राहावं म्हणून." ज्योत्स्ना तेव्हापासून पाण्याची झाली. पोरं मोठी होऊन शहराला गेली, तिच्या डोळ्याची दुर्बीण काही सुटली नाही.

मधल्या काळात पाखरं वाट चुकायला लागली. त्याचं कारण समजून घ्या, अवघड नाही. पाखराच्या डोळ्यात एक प्रथिन असतं. त्यावर निळा उजेड पडला की आतले दोन इलेक्ट्रॉन जागे होतात आणि जोडीने गिरक्या घेऊ लागतात. पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक. ते या गिरक्यांना किंचित वळण देतं. त्यामुळे पाखराला आभाळात उत्तरेच्या अंगाला फिकट सावलीसारखं काहीतरी दिसत असावं, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. आपल्याला क्षितिज दिसतं तशी त्यांना दिशा दिसते. पण आपण सगळ्या आभाळात मोबाइलच्या, मनोऱ्यांच्या, तारांच्या लहरी भरून टाकल्या. त्या नाजूक गिरक्या बिघडल्या आणि ती सावली पुसट झाली. थवेच्या थवे कुठेतरी भलतीकडे उतरून मरायला लागले.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की लहरींनी जी सावली पुसली ती लहरींनीच पुन्हा काढता येईल. त्यातून दिशादीप निघाला. पाण्याकाठी माणसाच्या उंचीचा खांब, त्याला तांब्याच्या तारांची वेटोळी. दिवा म्हणायचा, पण उजेड नाही, आवाज नाही. त्याच्यापुढे उभं राहिलं तर तुम्हाआम्हाला काहीसुद्धा कळायचं नाही. शेकडो कोसांवरच्या पाखराला मात्र आभाळात एक ठसठशीत ठिपका दिसायचा: इकडे या. उत्तरेकडून खालपर्यंत एकेक पाणथळ धरून असे खांब उभे राहिले. वरच्या ठिकाणी थवा खाऊनपिऊन जाड होईतो खालचं पाणी उतरलेलं असे, मग खालचा दीप लावायचा. कंदील हातोहात पुढे द्यावा तसं.

पण एक गोष्ट यंत्राला जमेना. पाणी कुठवर आहे ते उपग्रहावरून दिसे. चिखल पाखराच्या चोचीजोगा झाला की नाही, ते दिसेना. म्हणून दर दीपाला एक राखणदार नेमला. राखणदाराच्या हातातल्या पाटीवर रोज एकच प्रश्न यायचा, 'चिखल उघडा पडला आहे का?' 'हो' म्हटलं की दीप लागायचा. बस. यंत्राने तेवढं माणसाच्या शब्दावर सोडलं होतं.

करंजसोंड्याची राखणदार कोण, ते सांगायला नको.

त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला. कार्तिक निम्मा झाला तरी पाणी मारुतीच्या पायरीवरच. सप्ताह बसायच्या आधी माईंचा फोन आला.

"ज्योत्स्ना, येते गं बाई यंदा. पण हे शेवटचं."

"असं काय बोलता माई?"

"रडायला काय झालं? मरत नाही मी. डोळे चाललेत. पडद्यामागची शीर वाळत आलीय म्हणे. डॉक्टर म्हणाला, आजी, जे बघायचं ते लवकर बघून घ्या. मी म्हटलं, बाबा, देव तर मी डोळे मिटूनच बघते, राहिली ती पाखरं." माई हसल्या. "आले का गं पाणटिवळे?"

"नाही अजून. पाणी उतरलं नाही. मार्गशीर्षात येतील."

"मग राहिलं. असू दे, त्याची मर्जी."

फोन ठेवला, पण ते 'राहिलं' ज्योत्स्नाच्या छातीत रुतून बसलं. ज्या बाईने आपल्याला डोळे दिले, तिच्या डोळ्यांसाठी आपल्याला एवढंही करता येऊ नये? आणि पाणी काय, आज नाही तर आठवड्याने उतरेलच. पाखरं थोडी लवकर आली तर आली. संध्याकाळी पाटीवर नेहमीचा प्रश्न आला. तिने देवघराकडे पाहिलं, मनातल्या मनात हात जोडले आणि 'हो' दाबलं.

भक्तीतच झाली चूक, म्हणून तर ती होताना चुकीसारखी वाटली नाही.

माई आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थवा आला. आभाळाच्या कडेला आधी धुरासारखा, मग वळला तेव्हा एकदम पांढरा चमकला. माईंनी टाळ्या पिटल्या. "आले गं, आले! मला दिसतंय, हलतंय काहीतरी! अगं, माझ्यासाठीच वाट वाकडी करून आले की!"

ज्योत्स्नाच्या डोळ्याला दुर्बीण होती. थवा पाण्यावर उतरायला यायचा, पाय लोंबते सोडायचा आणि पुन्हा वर उठायचा. टेकायला जागाच नव्हती. अखेर धरणाच्या जुन्या दगडी रस्त्याचा एक तुकडा पाण्यावर होता, त्यावर सगळे दाटीवाटीने उभे राहिले. काही शेजारच्या पाण्यात पोटापर्यंत बुडून उभे. चोच खाली घालत, ती दगडावर आपटे, नाहीतर पाणीच पाणी. वरच्या पाणथळावर त्यांचं खाणं पुरतं झालंच नव्हतं. भरल्या ताटावरून उठवून आणावं तसं तिने त्यांना उठवून आणलं होतं. उरातलं हाड पिसांतून वर आलेलं तिला इथून दिसत होतं.

तिने तडक दीप विझवला आणि दीप चालवणाऱ्या संस्थेतल्या शर्वरी मॅडमना फोन लावून खरं काय ते सांगितलं.

"मागे नाही पाठवता येणार?" ज्योत्स्नाने विचारलं.

"एवढं उडायची ताकद नाही त्यांच्यात. पुढेही नाही. धरणाचं पाणी एका दिवसात उतरत नसतं. ज्योत्स्नाताई, तुमच्या काठाला एखादं रान मिळेल? पाऊलभर पाणी उभं करायचं, माती चांगली तुडवून मऊ करायची. गांडुळं, अळ्या वर येतील. पण आत्ता. दोन दिवसांनी मिळून उपयोग नाही."

काठाला रान होतं. एकच, पाण्याला भिडलेलं. हरभरा नुकता उगवून बोटभर झाला होता. आणि ते रान नगऱ्यांचं, म्हणजे तिच्याच नवऱ्याचं होतं.

भागवत नगरे गावचा पखवाजी. मोठा हात, मोठा आवाज, आणि पाखरांच्या नावाने कायमचा चेष्टेखोर. दुपारी जेवताना तिने विषय काढला.

"अहो, खालच्या रानात पाणी सोडायचंय."

"परवाच दिलं की."

"द्यायचं नाही. भरायचं. उभं ठेवायचं."

भागवतचा घास हातातच राहिला. "हरभऱ्यात पाणी उभं केलं तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

"मरतो."

"मग?"

तिने सगळं सांगितलं. माईंचे डोळे, पाटीवरचा प्रश्न, 'हो'. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"लग्न झाल्यापासून तुझं अर्धं लक्ष पाण्याकडे. आमटी वाढताना खिडकीतून बघतेस, भातावर पडायची ती पाटावर पडते. मी कधी बोललो?"

"रोज बोलता."

"ते चेष्टेत गं! आता चेष्टा नाही. चूक कोणाची?"

"माझी."

"चूक तुझी आणि रान माझं?" ताट सरकवून तो उठला. "पेरताना कंबरेचा काटा ढिला झाला माझा. उगवून वर आलेलं स्वतःच्या हाताने बुडवू? माणसाने काय काय सोसायचं ते तरी सांग."

तिने त्याचं अर्धं ताट उचललं आणि खरकटं काढायला बसली.

दुसरा दिवस काल्याचा. पहाटे ज्योत्स्ना पाण्यावर गेली. दगडी रस्त्याच्या कडेला काही पाणटिवळे लवंडून पडले होते. तिने एकाला उचललं. मूठभर पिसं, वजन असं काही नाहीच. त्याला ओंजळीत घेऊनच ती माईंकडे गेली आणि त्यांच्या पायाशी बसून बोलून टाकलं.

माईंनी त्या पाखरावरून बोटं फिरवली. चोच चाचपली, टोकापर्यंत.

"माझ्यासाठी?"

"हो."

"आणि मी टाळ्या पिटल्या." माईंनी पाखरू पदरात घेतलं. मग म्हणाल्या, "आता काय करायचं?"

"माई, तुम्ही कीर्तनात शब्द टाका. तुमचा शब्द कोणी मोडत नाही. आमच्या ह्यांच्यानेही नाही मोडवणार."

"नाही हो." माईंनी मान हलवली. "बुक्का लावून, गळ्यात हार घालून मी मागितलं तर कोण नाही म्हणेल? पण ते देणं नव्हे, ती भीड झाली. देवाच्या दारात उभं करून मी कोणाच्या खिशात हात घालणार नाही. तुझ्या नवऱ्याच्या तर नाहीच; तो माझ्या मागे पखवाज घेऊन उभा असतो, बिचाऱ्याला पळायलाही जागा नाही." ज्योत्स्नाला रडता रडता हसू आलं. "मात्र गावाने पाखरांना पाहुणे म्हणून पाहिलंय. पाहुणे कसे आले, ते गावाला कळायला हवं. मधल्या अभंगाला मी थांबेन. तुझं तू सांग. मागू काही नकोस."

कीर्तन उभं राहिलं. टाळकरी दोन्ही अंगांना, मध्ये माई, मागे भागवतचा पखवाज. माईंचा आवाज म्हातारा झाला होता, पण सूर लागला की मंडपाचे खांब ऐकायचे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, आंबट कोणाचं, शिळं कोणाचं, काही उरलं नाही, असं त्या सांगत होत्या. बायका डोळे पुसत होत्या. मग त्यांनी हात वर केला. टाळ थांबले.

"ज्योत्स्नाला काही बोलायचंय."

ती उभी राहिली. तिने सांगितलं, जसं घडलं तसं, आडपडदा न ठेवता. मग मागून गुलाब मिसाळ, जो कुठेही बोलल्याशिवाय राहत नाही, म्हणाला, "म्हणजे वहिनी, चूल पेटली नाही आणि तुम्ही जेवणाचं आवतण धाडलंत!"

हशा पिकला. ज्योत्स्ना म्हणाली, "तसंच केलं भाऊजी," आणि खाली बसली. हसणारे गप्प झाले. माईंनी काही मल्लिनाथी केली नाही. अभंग पुढे उचलला. भागवतने पखवाजावर थाप दिली, पण चेहरा दगडासारखा. ज्योत्स्नाने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

कीर्तन संपलं, हंडी बांधली. आता करंजसोंड्याची एक रीत आहे. काल्याच्या हंडीत घरटी वाटा पडावा लागतो. कोणी दही, कोणी लाह्या, कोणी लोणच्याची फोड; चिमूटभर असला तरी चालतो, पण पडला पाहिजे. वीणेकरी एकेक घर पुकारतात, घरचं माणूस 'आला' म्हणतं. एका घराचा वाटा राहिला तरी हंडी फुटत नाही, मग सगळा गाव उपाशी ताटकळला तरी बेहत्तर.

"मिसाळांचा?"

"आला!"

"लोणाऱ्यांचा?"

"आला, आला!"

"भागवत नगऱ्यांचा?"

ज्योत्स्नाने डब्यासाठी शेजारी हात घातला. दहीपोह्यांचा डबा घरीच राहिला होता. पहाटेपासून ती पाण्यावर आणि माईंपाशी. डब्याची आठवणच नव्हती. सगळा मंडप वळून तिच्याकडे बघू लागला. तेवढ्यात भागवतने गळ्यातला पखवाज उतरवून खाली ठेवला.

"आमचा वाटा रानात ठेवलाय," तो म्हणाला. "हंडीत मावेना. फोडा तुम्ही."

कोणाला काही कळेना. मग गुलाब मिसाळने कान टवकारले. "अरे, तुझी मोटर चालू आहे का रे? मघापासून ऐकतोय मी घरघर."

"सकाळपासून चालू आहे. ही पाण्यावर गेली, मी रानात गेलो. वाटेत पडलेली पाखरं बघितली. मोटर सुरू केली आणि मगच पखवाजाला कणीक लावायला बसलो."

ज्योत्स्ना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग आधी का नाही सांगितलंत? मी भर मंडपात..."

"आधी सांगितलं असतं तर उभी राहिली असतीस?" भागवतने उपरण्याने तोंड पुसलं. "माझं मी केलं, तुझं तू केलंस. आता रडू नकोस, पाणी भरलं असेल, तुडवायला माणसं लागतील. माझ्या एकट्याच्या पायांनी होणार आहे का?"

हंडी फुटली. काला हातोहात वाटला गेला आणि बोटं चाटत चाटत सगळा गाव रानाकडे निघाला. ट्रॅक्टर घालावा तर रुतून बसेल. मग कोणीतरी टाळ वाजवला, भागवतने पखवाज पुन्हा गळ्यात घातला आणि करंजसोंड्याची माणसं घोटाभर पाण्यात उतरून पावली खेळू लागली. एक पाय पुढे, दोन मागे, वाका, उठा. धोतरं वर, पदर खोचलेले, अंगभर चिखल. गुलाब मिसाळ दोनदा घसरून पडला आणि दोन्ही वेळा म्हणाला की तो लोटांगण घालत होता. पायांखाली हरभऱ्याची कोवळी रोपं मातीत जात होती. भागवत ठेका धरून होता. खाली मात्र बघत नव्हता.

ऊन कलायला लागल्यावर सगळे बांधाच्या पलीकडे जाऊन बसले. माईंना बाजेवर बसवलं होतं. रान काळं, चकचकीत पडलं होतं. बराच वेळ काही घडलं नाही. मग एक शेकाट्या आला, एकटाच, तपासणीला आल्यासारखा. चार पावलं चालला, चोच घातली, काहीतरी ओढून काढलं. त्याच्यामागून टिलव्यांची लगबग. आणि मग दगडी रस्त्यावरचा तो सगळा दाटीवाटीचा थवा उठला, एक वळसा घेतला आणि हरभऱ्याच्या रानात उतरला.

एरवी पाणटिवळे दूर पाण्याच्या कडेला असायचे, दुर्बिणीतून बघावे लागायचे. आज भुकेपुढे भीती राहिली नव्हती. ते बाजेपासून हाकेच्याही आत होते. चोची मुळापर्यंत मातीत जात होत्या, घशाखाली घास उतरताना दिसत होता. माई पुढे झुकल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही, पाखरं बुजतील म्हणून.

"जेवतायत," त्या कुजबुजल्या. "ज्योत्स्ना, मला दिसतंय गं. जेवतायत."

सगळे वाचले नाहीत. पुढच्या सकाळीही काही गेलेले सापडले. पण थवा तगला. शेजारच्या गावानेही एक पडीक रान भरून दिलं, आणि पाणी खरोखर उतरेपर्यंत पाखरं दोन्हीकडे चरत राहिली.

संस्थेने ज्योत्स्नाकडून दीप काढून घेतला, आणि ते योग्यच झालं. तिने स्वतःच तसं लिहून दिलं होतं. आता गुलाब मिसाळची सून राखणदार आहे. पाटीवर प्रश्न तोच येतो. ती पोर 'हो' म्हणण्याआधी ज्योत्स्नाला हाक मारते, "काकू, झाला का हो चिखल?" ज्योत्स्ना सांगते, "मला विचारू नकोस. चप्पल काढ आणि पाय घालून बघ." आणि ज्या वर्षी पाणी उतरायला उशीर होतो, त्या वर्षी करंजसोंड्यात एखादं रान आपणहून भरलं जातं. कोण भरणार, हे कोणी कोणाला विचारत नाही. माईंना आता दिसत नाही. त्या फोनवर पाखरांची हालहवाल विचारतात आणि ज्योत्स्ना एकेक नाव घेऊन सांगते.

तर मंडळी, उठण्याआधी एक मागणं आहे. माईंना लोक आठवतील, त्यांचं कीर्तन ऐकलंय लोकांनी. ज्योत्स्नाचं नाव संस्थेच्या दप्तरी आहे. आठवण ठेवा ती भागवत नगऱ्याची. त्याला आजही टिलवा कोणता आणि तुतवार कोणता हे सांगता येत नाही. सगळ्यांना तो 'ती बारकी बारकी' म्हणतो. त्या वर्षी त्याच्या घरी हरभरा विकत आणला गेला. हिवाळ्यात कधी ओल्या रानाकडेने जाताना लांब चोचीचं एखादं पाखरू मान खाली घालून चरताना दिसलं, तर घटकाभर थांबा आणि भागवतचं नाव घ्या. रामकृष्णहरी.